३५ मीटर लांबच्या वर्कशॉपला किती जाडीची केबल टाकावी?

प्रश्न थोडक्यात असा. घरामागे वर्कशॉप बांधलंय. घरातल्या मेन बोर्डापासून केबलच्या वाटेने ते ३५ मीटर पडतं. सप्लाय सिंगल फेज, २३० व्होल्ट. ३ एचपीचा एअर कॉम्प्रेसर आहे, २ एचपीचा टेबल सॉ आहे, त्याला जोडलेला १ एचपीचा डस्ट कलेक्टर आहे, २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे आणि बाकी ग्राइंडर, ड्रिल, दिवे, पंखा. एक जण म्हणाला २.५ स्क्वेअर एमएम पुरे, कॉम्प्रेसर १६ अँपिअरच घेतो. वायरमन म्हणाला ४ टाका. तिसऱ्याने सांगितलं, १० च्या खाली जाऊ नका. कोणाचं ऐकायचं?

तिघांपैकी कोणाचंही गणित चुकलेलं नाही. पहिल्याने पाहिलं की वायर तापणार नाही ना. दुसऱ्याने पाहिलं की मशीन चालू असताना व्होल्टेज फार पडणार नाही ना. तिसऱ्याने बहुधा सगळी मशिनं मोजली, किंवा त्याने कधीतरी लांबच्या शेडमध्ये नुसताच गुरगुरणारा कॉम्प्रेसर पाहिला असावा. वायरची जाडी ठरवताना हे प्रश्न एकेक करून सोडवायचे, प्रत्येकाचं उत्तर वेगळं काढायचं आणि त्यातली सगळ्यात जाड वायर घ्यायची. मी माझ्या कामात याच क्रमाने जातो, म्हणून तुमच्या आकड्यांवर तसंच करून दाखवतो.

आधी करंट किती तो नक्की करा. मोटरवर लिहिलेली एचपी ही शाफ्टवर मिळणारी ताकद असते, लाइनमधून ओढलेली नव्हे. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, ३ एचपी म्हणजे २२३८ वॅट, त्याला २३० ने भागलं की पावणेदहा अँपिअर येतात आणि बरेच लोक इथेच थांबतात. सिंगल फेज मोटरची एफिशियन्सी साधारण ७५ टक्के आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटमधला खरोखर कामी येणारा वाटा) ०.८ धरला तर तोच आकडा १६ वर जातो. तुमची नेमप्लेट वाचता येत असेल तर हे गणित विसरा आणि नेमप्लेटवरचे अँपिअर घ्या. पुसली गेली असेल तर वरच्या हिशोबाने चाला: १ एचपीला ६, २ एचपीला ११, ३ एचपीला १६.

आता पहिला प्रश्न, तापण्याचा. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनला ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालतं, त्यापुढे ते हळूहळू कडक होतं, तडकतं. सगळे तक्ते या ७० अंशांवर बेतलेले असतात. तांब्याच्या पीव्हीसी वायरी भिंतीवरच्या पाईपातून सिंगल फेजसाठी नेल्या तर २.५ ला २४ अँपिअर, ४ ला ३२, ६ ला ४१ आणि १० ला ५७ चालतात.

पण हे आकडे बाहेरची हवा ३० अंशांवर आहे आणि पाईपात हे एकच सर्किट आहे असं गृहीत धरून दिलेले असतात. वर्कशॉप म्हटलं की बहुतेकदा पत्र्याचं छत आणि पाईप त्याच्या खालून गेलेला. तिथे हवा ४० अंश असेल तर तक्त्यातला आकडा ०.८७ ने गुणायचा, ४५ अंश असेल तर ०.७९ ने. त्याच पाईपात दुसरं भरलेलं सर्किट असेल तर आणखी ०.८ ने, तीन सर्किटं असतील तर ०.७ ने. म्हणजे ४० अंशांत, एका पाईपात दोन सर्किटं असताना, २.५ ची वायर २४ ऐवजी जेमतेम १६.७ अँपिअर नेते. तुमच्या पहिल्या सल्लागाराचे २४ कागदावर बरोबर आहेत, पण त्याने पाईप कुठून जाणार हे विचारलं होतं का?

याच टप्प्यावर एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून सप्लाय तोडणारा स्विच, ठरतो. तो मशीन वाचवायला आहे असा समज फार पसरलेला आहे. तो वायर वाचवायला असतो. मशीनचा करंट एमसीबीच्या आकड्याएवढा किंवा त्याहून कमी हवा आणि एमसीबीचा आकडा वायरच्या, गुणक लावून उरलेल्या, क्षमतेएवढा किंवा त्याहून कमी हवा. एमसीबी पडतो म्हणून २० चा काढून ३२ चा लावणं आणि वायर तीच ठेवणं म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणं. मोटर वाचवायची असेल तर तिच्या करंटवर सेट केलेला ओव्हरलोड रिले स्टार्टरमध्ये लागतो. ते काम वेगळं आहे.

दुसरा प्रश्न व्होल्टेज ड्रॉपचा, आणि तुमच्या ३५ मीटरमुळे खरा मुद्दा इथेच आहे. गरम झालेल्या तांब्याच्या वायरीत, जाणं-येणं दोन्ही धरून, दर अँपिअरला दर मीटरला किती मिलिव्होल्ट पडतात याचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: २.५ ला १८, ४ ला ११, ६ ला ७.३, १० ला ४.४. लांबी एका बाजूचीच धरायची, परतीची यात आलेली आहे. कॉम्प्रेसरचे १६ अँपिअर गुणिले ३५ मीटर म्हणजे ५६०. मग २.५ वर १० व्होल्ट पडतात, म्हणजे ४.४ टक्के. ४ वर सहाच्या थोडं वर, २.७ टक्के. ६ वर चार व्होल्ट, १.८ टक्के. आंतरराष्ट्रीय मानकातली नेहमीची शिफारस दिव्यांना ३ टक्के आणि बाकी लोडला ५ टक्के अशी आहे, तीही सप्लायच्या सुरुवातीपासून मशीनपर्यंत, सगळ्या वायरिंगची मिळून. २.५ म्हणजे काठावर पास, ४ म्हणजे ठीक. वायरमनचं उत्तर इथून आलं.

आणि इथपर्यंत येऊन थांबलात तर फसाल. कारण कॉम्प्रेसर चालू होतो तेव्हा तो १६ अँपिअर घेत नाही. उभी मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. पाच पट धरू, ८० अँपिअर. तेच गुणाकार पुन्हा केले तर २.५ वर ५० व्होल्ट पडतात, ४ वर ३१, ६ वर २० आणि १० वर १२. प्रत्यक्षात ड्रॉप थोडा कमी येतो, कारण व्होल्टेज पडलं की मोटरचा करंटही उतरतो आणि सुरुवातीचा पॉवर फॅक्टर कमी असतो. पण तुलनेसाठी हे आकडे चोख आहेत.

मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो, हे इथे लक्षात घ्यायचं. २.५ वर मोटरला २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर सुरुवातीचा जोर ६१ टक्केच उरतो. ४ वर ७५ टक्के, ६ वर ८३, १० वर जवळपास ९०. पंखा किंवा डस्ट कलेक्टर असेल तर ६१ टक्क्यांतही तो सावकाश का होईना वेग धरतो, कारण सुरुवातीला त्याच्यावर भार नसतोच. कॉम्प्रेसरचं तसं नाही. त्याला पहिल्याच फेरीत पिस्टन दाबायचा असतो. थंड सकाळी तेल घट्ट असतं. कॅपॅसिटर स्टार्ट मोटरमधला सेंट्रिफ्यूगल स्विच मोटर पूर्ण वेगाच्या साधारण तीन चतुर्थांशावर पोचल्याशिवाय सुटत नाही, तोपर्यंत स्टार्टिंग वाइंडिंग आणि कॅपॅसिटर लाइनवरच राहतात. ते दोन्ही काही सेकंदांसाठी बनवलेले असतात. मोटर तिथेच घुटमळत राहिली की आधी कॅपॅसिटर फुगतो, मग वाइंडिंग जळतं, आणि दोष मोटरवाल्याला लागतो.

ओळखायची खूण सांगतो. टाकी रिकामी असताना कॉम्प्रेसर झटकन सुरू होतो, पण टाकीत हवा असताना प्रेशर स्विचने पुन्हा चालू केला की घुं-घुं करत अडकतो, तर दोनच शक्यता असतात. एक, अनलोडर व्हॉल्व्ह अडकलाय. मोटर बंद होताना फुस्स असा आवाज येतो तो याचा. तो येत नसेल तर हेडमधली हवा सुटत नाहीये. दुसरी, सुरू होताना मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज फार पडतंय. दुसरी तपासायला मीटर मोटरच्या टर्मिनलवरच लावा, सॉकेटवर नको, आणि किमान आकडा धरून ठेवणारं सेटिंग असेल तर ते वापरा.

म्हणून केबल विकत घ्यायच्या आधी एक काम करा. कॉम्प्रेसर ढकलत मेन बोर्डाजवळ आणा, वायरमनकडून दोन-तीन मीटरच्या जाड वायरने त्याला तात्पुरता सप्लाय काढून घ्या, टाकी अर्धी भरा, बंद करा, पुन्हा चालू करा. तिथे सहज उचलला तर उरलेला प्रश्न फक्त ३५ मीटरचा आहे आणि तो तांब्याने सुटतो. तिथेच अडखळला, घरातले दिवे मिणमिणले, तर अशक्तपणा मीटरपर्यंत येणाऱ्या लाइनमध्ये आहे. मग तुम्ही मागे १६ स्क्वेअर एमएम टाकली तरी कॉम्प्रेसर तसाच वागणार. अशा वेळी थ्री फेज घ्या, लहान मोटरचा कॉम्प्रेसर घ्या, किंवा मोटर बदलून थ्री फेज मोटर आणि सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (मोटरला हळूहळू वेग देणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) बसवा. कॅपॅसिटरवाल्या सिंगल फेज मोटरला मात्र व्हीएफडी लावायचा नाही.

आता सगळी मशिनं मिळून किती लोड येतो ते पाहू. यात दोन टोकं दिसतात. काही जण सगळ्या नेमप्लेटा बेरजेत टाकतात आणि ९० अँपिअरची केबल मागतात. काही जण म्हणतात, मी एकटाच काम करतो, एका वेळी एकच मशीन चालणार. पहिलं विनाकारण महाग आहे. दुसरं चुकीचं आहे, कारण कॉम्प्रेसर तुमची परवानगी घेऊन चालू होत नाही. टाकीतलं प्रेशर उतरलं की तो आपोआप लागतो, तुम्ही सॉवर असा की वेल्डिंगवर. सॉ चालवला की डस्ट कलेक्टर चालणारच. तेव्हा माणूस एकटा असला तरी हिशोब ‘हातातलं मशीन, त्याचा जोडीदार आणि आपोआप लागणारं सगळं’ असा करायचा. सॉवर असताना ११, डस्ट कलेक्टरचे ६, कॉम्प्रेसरचे १६ आणि दिवे-पंख्याचे २, एकूण ३५ अँपिअर.

वेल्डिंगचा आकडा थोडा उलगडून सांगावा लागेल, कारण २०० अँपिअर हा शब्द ऐकून लोक दचकतात. ते २०० अँपिअर आउटपुटचे, तेही साधारण २८ व्होल्टवर, म्हणजे ५.६ किलोवॅट. इन्व्हर्टरची एफिशियन्सी ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७ धरला (पॉवर फॅक्टर करेक्शन नसलेल्या मशीनचा एवढाच असतो) तर लाइनमधून ४१ अँपिअर निघतात. पण २०० वर तुम्ही कितीदा जाणार? ३.१५ एमएमच्या रॉडला ११० ते १३० लागतात. १२० वर काम करताना आउटपुट २५ व्होल्टच्या आसपास असतं आणि लाइनचा करंट २२ अँपिअरवर येतो. शिवाय कोणीही सलग वेल्ड करत नाही; रॉड बदलतो, स्लॅग उडवतो, माप घेतो. म्हणून चांगल्या मशीनच्या नेमप्लेटवर दोन इनपुट आकडे दिलेले असतात: ‘आय वन मॅक्स’ आणि ‘आय वन इफेक्टिव्ह’. दुसरा हा ड्यूटी सायकल (एकूण वेळेपैकी प्रत्यक्ष वेल्डिंगचा वाटा) धरून काढलेला, तापण्याच्या दृष्टीने खरा करंट. ४१ अँपिअर आणि ३५ टक्के ड्यूटी सायकल असेल तर तो २४ येतो. वायर तापेल का हे दुसऱ्यावरून पाहायचं, व्होल्टेज किती पडेल हे पहिल्यावरून.

तेव्हा तुमच्या नेहमीच्या कामातला सगळ्यात जड प्रसंग हा: वेल्डिंगचे २२, मध्येच लागलेला कॉम्प्रेसर १६, दिवे-पंखा २. एकूण ४० अँपिअर.

४० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे गुणक लावून ४० च्या वर क्षमता हवी. ४० अंशांच्या हवेत पाईपातली ६ ची वायर ३५.७ अँपिअर नेते, ती इथेच बाद. १० ची ४९.६ नेते, ४५ अंशांतही ४५. व्होल्टेज ड्रॉप ४० अँपिअरवर, ३५ मीटरला, १० च्या वायरीत सहा व्होल्ट, २.७ टक्के, पुढे मशीनपर्यंतच्या छोट्या वायरींना दोन टक्के शिल्लक राहतात. कॉम्प्रेसर सुरू होताना केबलमध्ये १२ व्होल्ट. तीनही बाजूंनी १० बसते. तुमचा तिसरा सल्लागार हिशोब न सांगता बरोबर ठिकाणी पोचला होता.

तुमच्याकडे वेल्डिंग मशीन नसतं आणि कॉम्प्रेसर १ एचपीचा असता, तर मी ६ वर खूश झालो असतो. वर्कशॉप १० मीटरवर असतं तरी ६ चा विचार झाला असता, पण केबल पाईपातून न नेता भिंतीवर मोकळी क्लिप करायची, एमसीबी ३२ चा ठेवायचा आणि वेल्डिंग किंवा सॉ चालू असताना कॉम्प्रेसर बंद ठेवायचा या अटीवर. उलट अंतर ७० मीटर असतं तर १० सुद्धा कमी पडली असती. लांबी दुप्पट झाली की त्याच ड्रॉपसाठी तांबंही दुप्पट जाड लागतं, यातून सुटका नाही.

एक गोष्ट मीटरच्या बाजूची. तुमच्या घराचा मंजूर लोड आणि मीटरपर्यंतची वायर हे ४० अँपिअर, घराच्या वापरासह, सोसते का ते आधी पाहा. नसेल तर लोड वाढवून घ्या, केबल नंतर.

तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत: लांबच्या टोकाला शॉर्ट झाला तर एमसीबी लगेच पडेल का? लांब आणि बारीक वायर शॉर्टचा करंटही कमी करते, आणि तो इतका कमी झाला की एमसीबीला तो शॉर्ट न वाटता ओव्हरलोड वाटतो. मग तो काही क्षणांत पडण्याऐवजी कित्येक सेकंद घेतो, तेवढ्यात वायर लाल होते. सी प्रकारचा एमसीबी आपल्या आकड्याच्या ५ ते १० पट करंटवर ताबडतोब पडतो, डी प्रकारचा १० ते २० पटींवर. खात्रीसाठी वरची मर्यादा धरायची. सी ४० ला ४०० अँपिअर हवेत, म्हणजे सप्लायपासून शॉर्टपर्यंतच्या पूर्ण वळशाचा रेझिस्टन्स ०.५७ ओहमच्या आत. तुमच्या ३५ मीटर १० च्या केबलचा जाऊन-येऊन, गरम असताना, ०.१५ ओहम होतो. सप्लायकडचे ०.३ धरले तरी निभावतं.

हे मुद्दाम सांगतोय, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना एमसीबी पडायला लागला की पुढचा सल्ला ‘डी लावा’ हाच असतो. २.५ च्या ३५ मीटर वायरीचा वळसा ०.६२ ओहम भरतो. डी २० ला ४०० अँपिअर, म्हणजे पुन्हा ०.५७ ओहमच्या आत हवं. एकटी वायरच त्याच्या बाहेर गेली. कॉम्प्रेसर आता पाडणार नाही आणि शॉर्टही वेळेत पाडणार नाही. असल्या दुरुस्तीनंतर सगळं सुरळीत चालल्यासारखं वाटतं, म्हणून ती जास्त वाईट. सी एमसीबी सुरुवातीच्या करंटने वारंवार पडत असेल तर मोटर उचलायला इतका वेळ का घेतेय ते शोधा. बहुतेकदा कारण व्होल्टेज ड्रॉप हेच सापडतं.

अर्थिंगचं तर बोलायलाच हवं. १६ स्क्वेअर एमएमपर्यंत अर्थची वायर फेजएवढीच जाड ठेवायची, हा साधा नियम. तुमच्यासाठी म्हणजे १० ची अर्थ, केबलबरोबरच मेन बोर्डापासून. वर्कशॉपजवळ एक रॉड ठोकला की अर्थची वायर वाचते, असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. रॉडचा जमिनीतला रेझिस्टन्स १० ओहम धरा, तसा तो वाईट नाही. २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर. ४० चा एमसीबी एवढ्यावर कधीच पडणार नाही आणि मशीनची बॉडी जिवंत राहील. रॉड असू द्या, पण वायरच्या बदल्यात नको. वर्कशॉपमधल्या सॉकेटांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवाच. लोखंडाचा कीस, ओली फरशी आणि पायाखाली येणाऱ्या वायरी असलेल्या जागेत ती चैन नाही. मात्र आरसीसीबी फेज-न्यूट्रल शॉर्ट ओळखत नाही, तेव्हा आधीच्या परिच्छेदातलं गणित त्याने माफ होत नाही.

वर्कशॉपमध्ये छोटा डीबी (एमसीबींचा बोर्ड) लावा आणि तिथून पुढे प्रत्येक मशीनला त्याच्या मापाची वायर द्या. सगळीकडे १० फिरवायची नाही, ती मशीनच्या टर्मिनलमध्ये शिरणारही नाही. कॉम्प्रेसरला ४ ची वायर, सी २५ एमसीबी आणि १६ अँपिअरवर सेट केलेला ओव्हरलोडवाला स्टार्टर. सॉला २.५ आणि २० चा एमसीबी. वेल्डिंगला ६ आणि ३२ चा एमसीबी, ३२ अँपिअरच्या इंडस्ट्रियल सॉकेटसह. दिव्यांना १.५, आणि त्यांचं सर्किट वेगळंच ठेवा: सॉ फिरत असताना सॉकेटचा एमसीबी पडला तरी अंधार होता कामा नये.

एक्स्टेंशन बोर्डाने ही सगळी मेहनत वाया जाते. १.५ ची २० मीटर फ्लेक्झिबल वायर जोडली की वळशात ०.६ ओहमची भर पडली, म्हणजे ३५ मीटर १० च्या केबलच्या चौपट. जिथे मशीन कायम उभं राहणार तिथे सॉकेट द्या. ड्रमवर गुंडाळलेली वायर वापरायची वेळ आलीच तर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळीच्या आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन एकमेकांना चिकटून वितळलेले ड्रम मी पाहिलेले आहेत.

ॲल्युमिनियम चालेल का, असा प्रश्न यानंतर येतोच. जमिनीखालून आर्मर्ड केबल टाकणार असाल तर चालेल, पण माप तेच ठेवून नाही. १० ची ॲल्युमिनियम केबल रेझिस्टन्सने बरोबर ६ च्या तांब्याएवढी असते, दोन्ही किलोमीटरला ३.०८ ओहम. तुमच्या १० च्या तांब्याला जोड १६ ची ॲल्युमिनियम. दोन्ही टोकांना बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेला), क्रिंपिंग योग्य डायने, आणि ऑक्साइड रोखणारी पेस्ट. हे करणारा माणूस हाताशी नसेल तर तांबंच घ्या, कारण ॲल्युमिनियम केबलमध्ये नाही, टोकाला जळतं. खोदाई कराल तेव्हा केबलबरोबर एक रिकामा जाड पाईपही टाकून ठेवा. चर दुसऱ्यांदा खोदणं हे तांब्यातल्या फरकापेक्षा जड जातं.

थ्री फेज मिळत असेल तर वरचं बरंच काही बदलतं. ३ एचपीची थ्री फेज मोटर ४०० व्होल्टवर पाच अँपिअरच्या आत चालते आणि २.५ च्या वायरीवर ३५ मीटरला अडीच व्होल्ट पडतात, एक टक्काही नाही. वर्कशॉप वाढवायचा बेत असेल तर केबलवर खर्च करण्याआधी याची चौकशी करा.

वायर विकत घेताना गुंडाळीवर छापलेल्या मापावर भिस्त ठेवू नका. एक टोक सोला, तारा मोजा, एका तारेची जाडी मायक्रोमीटरने घ्या. जाडीचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले तारांची संख्या. ०.३ एमएमच्या ५६ तारा असतील तर ३.९६, म्हणजे ४ ची वायर खरी. तेच माप ३.२ निघालं तर गुंडाळी तिथेच ठेवा. फ्लेक्झिबल वायर स्क्रू टर्मिनलमध्ये उघडी घालू नका, पिन लग किंवा फेरूल क्रिंप करून घाला. केबल मधे जोडू नका, ३५ मीटर अखंड घ्या. काम झाल्यावर मोटर नेहमीसारखी वापरा आणि महिनाभराने मेन बंद करून दोन्ही बोर्डांतले स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्या. तांबं दाबाखाली बसतं आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेला स्क्रू थोडा सैल पडतो. ही जोडणी तुमच्याकडच्या नियमांप्रमाणे परवानाधारक माणसाकडून करून घ्या आणि त्याच्याकडून अर्थ लूपचा रेझिस्टन्स मोजून आकडा लिहून घ्या.

वेल्डिंग मशीनच्या नेमप्लेटवरचे दोन्ही इनपुट आकडे आणि मेन बोर्डाजवळच्या चाचणीत कॉम्प्रेसर कसा वागला हे कळवा. आय वन मॅक्स ३२ च्या आत असेल आणि तुम्ही वेल्डिंग करताना आणि सॉ चालवताना कॉम्प्रेसर बंद ठेवायला तयार असाल, तर ३२ च्या एमसीबीवर ६ ची केबलही कागदावर बसते. तेव्हा ठरवायचं एवढंच उरेल की थंडीत कॉम्प्रेसर ८३ टक्के जोरावर उचलतो का.